पाठ नसलेलं गाणं

आमच्या दादाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्याला कळतं ते स्पीकरातलं. आमचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत काम करणारी आम्ही दोघं भावंडं, गेली तीस वर्षं. फाटलेले, जळलेले, पाण्यात भिजलेले, कोणी रागाच्या भरात लाथ घातलेले, असे सगळे स्पीकर आमच्याकडे येतात. आतली तांब्याच्या तारेची कॉइल मी गुंडाळते, शंकूसारखा कागदाचा नवा कोन मी बसवते, चिकटवलेलं वाळेपर्यंत कोणाला जवळ फिरकू देत नाही तीही मीच. आणि दादा काय करतो? दादा ऐकतो. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बहीण राबते आणि भाऊ बसून खातो. पण दादाने ऐकून मागच्या लोखंडावर खडूने बरोबरची खूण केल्याशिवाय एकही स्पीकर आमच्या दारातून बाहेर पडत नसे. ती खूण बघितली की घरी जाऊन पुन्हा तपासायची कोणाला गरज वाटत नसे.

ऐकायचा तो एकच गाणं. दादा सतरा वर्षांचा असताना त्याने एका रॉक गायकाची कॅसेट घरात आणली. कमरेपर्यंत केस, गळ्यात गिटार आणि छाती फुटेस्तोवर ओरडणं. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'बोंबल्या' ठेवलं. बाबा गेले, पण नाव राहिलं, आणि आता दादाच ते इतक्या मायेने घेतो की कोणाला वाटावं आमचा चुलता आहे. त्या कॅसेटमधलं तिसरं गाणं दादाने तपासणीला लावलं ते कायमचं. चार मिनिटं वीस सेकंद. आधी एकटी गिटार, मग पोटात घुमणारा ड्रम, मग बोंबल्याची किंकाळी, आणि या सगळ्याच्या मागे झांजांची बारीक चमचम. दादा म्हणायचा, स्पीकरच्या अंगात खोट असेल तर या गाण्यात ती बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. ते वाजत असताना बोलायची बंदी. एकदा मी शिंकले तर गड्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दादाने खूण केलेला एक स्पीकर मी बांधायला घेतला, सहज वाजवून पाहिला, तर उंच आवाजावर चरचर. कॉइल एका बाजूला घासत असली की अशी चरचर येते. नवशिक्यालाही ऐकू येईल. मला वाटलं, असेल, माणूस आहे, चुकतो. दादा चहाला गेला होता तेवढ्यात मी तो उघडला, कॉइल सरळ केली, खूण तशीच ठेवली. पंधरा दिवसांनी आणखी एक निघाला. मग आठवड्याला एक. मी दादाच्या पाठीमागे प्रत्येक स्पीकर ऐकायला लागले आणि गुपचूप नीट करायला लागले. सहा महिने हा उद्योग चालला. यात माझं चुकलं, हे कोणी विचारायच्या आत कबूल करते. एरवी माझी जीभ कोणाच्या बापाला भीत नाही, पण ज्या माणसाचा सगळा मान त्याच्या कानावर उभा आहे, त्याला तोंडावर काय सांगायचं? मला ते जमलं नाही.

मग मी तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले आणि जे व्हायचं तेच झालं. त्या तीन आठवड्यांत गेलेले चार स्पीकर परत आले. त्यातले दोन नाट्यगृहाच्या साउंडवाल्याचे. हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दादाशी अरे-तुरे करणारं. त्याने ऐन प्रयोगात चरचर झाल्याचं सांगितलं. दादाने त्याच्यासमोर ते दोन्ही स्पीकर लावले, तेच गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला की स्पीकर स्वच्छ आहेत, दोष तुझ्या अॅम्प्लिफायरमध्ये असणार. चरचर तर इतकी येत होती की माझ्या दाढा शिवशिवत होत्या. साउंडवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी तारेच्या रिळाकडे बघितलं. बिचारा स्पीकर तिथेच ठेवून गेला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी बोंबल्याचं नवं गाणं यायचं होतं. अकरा वर्षांनी पहिलं. आता तो शहात्तर वर्षांचा, केस गेलेले, मधे कसलंसं ऑपरेशनही झालेलं. आता काय गाणार, घशात घरघर असेल, असं मी दादाला चिडवत होते. दादाने मात्र सकाळपासून टेबल पुसून ठेवलं होतं. घरी वहिनीने मोबाइलवर ऐकायला सांगितलं तर तिच्यावर डाफरून आला होता. अकरा वाजता त्याने काउंटरवर 'दहा मिनिटांत येतो'ची पाटी लावली आणि आमचे तपासणीचे दोन खात्रीचे स्पीकर कॉम्प्युटरला जोडले.

गाणं संथ होतं. आवाज जाड झालेला, पण माणूस तोच. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. संपल्यावर मी म्हणाले की आवाज बसलाय खरा, पण मागे ती बारीक टिंगटिंग काय गोड घातली आहे.

दादाने विचारलं, कुठली टिंगटिंग?

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याने पुन्हा लावलं. टिंगटिंग आली आणि गेली. दादा स्पीकरजवळ सरकला. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा कान अगदी जाळीला टेकवला. मग उठून डाव्या-उजव्या तारा बदलल्या, स्पीकर बदलले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मी नुसती बघत होते. शेवटी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "जुन्या गाण्यातल्या झांजा तर मला स्पष्ट ऐकू येतात. त्या याहून बारीक आहेत."

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

"त्या तुला पाठ आहेत, दादा," मी म्हणाले. "त्या तू कानाने ऐकत नाहीस."

मग सहा महिन्यांचं सगळं सांगितलं. कुठला स्पीकर, काय दोष, कधी उघडला, सगळं. मला वाटलं होतं चिडेल, निदान हातातलं काहीतरी आपटेल. त्याने कपाटातून दोन कोरे कागद काढले. एक मला दिला. म्हणाला, गाणं पुन्हा लावतो, जे जे ऐकू येईल ते लिही, मीही लिहितो. आम्ही शाळेतल्या परीक्षेसारखे एकमेकांकडे पाठ करून बसलो. झाल्यावर मी माझा कागद पुढे केला, तर त्याने तो उलटा केला आणि फक्त आकडा विचारला. माझे एकोणीस, त्याचे चौदा.

"पाच," दादा म्हणाला. दोन्ही कागद घडी करून त्याने माझ्याकडे दिले आणि माझा कोणाला दाखवायचा नाही म्हणून बजावलं, त्याला स्वतःलासुद्धा.

नंतर तो उठला आणि ओलं फडकं घेऊन फळीवर तयार असलेल्या अकरा स्पीकरवरच्या आपल्या खुणा पुसून टाकल्या. तिथवर ठीक होतं. पण मग त्याने गिऱ्हाइकांची वही आणि फोन पुढे ओढला. वर्षभरात स्पीकर नेलेल्या प्रत्येकाला फोन करून परत मागवायचे, हा त्याचा बेत. चौतीस गिऱ्हाइकं. मी सांगून पाहिलं की बाबा रे, बहुतेक मी नीट करूनच पाठवलेत. आणि मागवायचेच तर वार्षिक तपासणी आहे म्हणून मागव, कारण कशाला सांगतोस? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ रिकामी आहे हे मला कळलंय ना आता," तो म्हणाला. "लोक माझ्या खुणेवर विसंबून पुन्हा ऐकत नाहीत. त्यांना सांगायला नको?"

मी रागाने मागच्या खोलीत निघून गेले. तिथूनही सगळं ऐकू येत होतं, हीच तर पंचाईत. पहिला फोन नाट्यगृहात. दादा म्हणाला, "तुझा अॅम्प्लिफायर चांगला आहे. माझा कान गेलाय." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण दादा बराच वेळ नुसता हूं-हूं करत होता. पुढचे तेहतीस फोन तीन दिवस चालले. प्रत्येकाला तेच वाक्य, आडपडदा नाही. बरेच जण चांगलं बोलले. दोघांनी आपला माल उचलून दुसरीकडे नेला. एका महाशयांनी तर मागवलेला स्पीकर आणून टाकताना, बहिऱ्याने स्पीकर दुरुस्त करायचे म्हणजे आंधळ्याने चष्मे विकायचे, असा विनोद आमच्याच काउंटरवर उभं राहून केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादाने त्याला पावती दिली आणि परवा या म्हणून सांगितलं. चौतीस जणांच्या मालात खरे दोषी निघाले सहा. ते सहाही दादाने स्वतःच्या हाताने उघडले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सपाट, पुढे एकदम खाली, म्हणजे बारीक, उंच आवाज गेलेले. वयाने होतं म्हणाल्या, त्यातून तीस वर्षं बोंबल्या. यंत्राने काही परत येईल, सगळं येणार नाही. दादाने विचारलं, किती येईल? त्या म्हणाल्या, ते तुम्हीच सांगाल.

आता दुकानात उलटी रीत आहे. स्पीकर उघडणं, सरळ करणं दादाकडे आणि शेवटचं ऐकणं माझ्याकडे. खूण माझी. मी नापास केलेला स्पीकर तो परत घेऊन पुन्हा उघडतो. नियम मात्र त्याने घातलाय: दर सोमवारी तपासणीचं गाणं बदलायचं, आधी कधी न ऐकलेलं घ्यायचं. त्यापायी मी जे काय ऐकलंय ते माझं मला माहीत. एका आठवड्यात तर नुसत्या बेडकांसारखा आवाज काढणारा कोणीतरी होता. चिडले की दादा म्हणतो, आवडायची गरज नाही, पाठ व्हायला नको.

एक गाणं तेवढं बदललेलं नाही. रोज सकाळी कुलूप काढलं की तो कानात यंत्र बसवतो आणि बोंबल्याचं नवं गाणं एकदा, फक्त एकदा ऐकतो. पहिल्या महिन्यात टिंगटिंग आली. त्या दिवशी गडी लहान पोरासारखा माझ्या टेबलापाशी आला. मग गिटारच्या तारेवरून बोट घसरल्याचा आवाज सापडला. मग मागे कोणीतरी हलक्या टाळ्या देतंय ते. प्रत्येक वेळी मला येऊन सांगायचं आणि मी कागदात बघून हो म्हणायचं.

चौदाचे झाले सतरा. राहिल्या दोन गोष्टी. एक म्हणजे कसलासा खुळखुळा, तो नाही ऐकला तरी कोणाचं काही अडत नाही. दुसरी गोष्ट वेगळी. एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि बोंबल्या श्वास घेतो. म्हाताऱ्या माणसाचा श्वास, मधे दोनदा तुटतो, वाटतं आता काही पुढचं गाणं होत नाही, आणि तेवढ्यात तो गातो. सगळ्या गाण्याचा जीव तिथे आहे. आणि दादाला, ज्याने या माणसावर सगळं आयुष्य काढलं, तिथे नुसती शांतता ऐकू येते.

काल मला राहवलं नाही. तो गाणं लावायच्या आत मी विचारलं, दोनांतलं एक तरी सांगू का, नुसती जागा दाखवते.

"नको," दादा म्हणाला.

अरे, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना की सगळं परत येत नाही, मग ते तुला कधीच कळायचं नाही, असं मी चिडून म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"तू सांगितलंस तर उद्यापासून मला ते ऐकू येईल," तो म्हणाला. "रोज येईल, अगदी स्पष्ट. आणि ते खरं नसेल."

त्याने गाणं लावलं, डोळे मिटले. मी रीळ हातात धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती जागा आली. वाद्यं थांबली. बोंबल्याने श्वास घेतला, तुटला, पुन्हा घेतला. दादाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गाणं संपलं.

"सतराच," दादा म्हणाला. "उद्या बघू." आणि त्याने फळीवरचा पहिला स्पीकर खाली घेतला.