फायर स्टेशन, प्लॉट नंबर सात

जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या घरात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. धूळ निदान पुसता येते.

आमचा अड्डा इंदिरानगरला, चंद्रात्रे काकांच्या हॉलमध्ये, दर रविवारी. काका नगररचना खात्यातून रिटायर झालेले. टेबल टेनिसच्या टेबलावर त्यांनी गाव वसवलं होतं: बोटभर घरं, सिग्नल, दिव्याचे खांब. सभासद तीन. काका, घड्याळं दुरुस्त करणारे सलीमचाचा आणि माझे बाबा. मी तेव्हा कॉलेजात. शिकवण्या घेऊन मी एक जुनं, लाल पत्र्याचं फायर स्टेशन विकत घेतलं होतं. मला त्या टेबलावर वीतभर जागा हवी होती, बस्स!

काका म्हणाले, "आधी दहा वर्षं नुसतं बघ."

*

काकांचा पेट्रोल पंप टेबलावर होता, पण सीलबंद खोक्यात. बारा वर्षं उघडलेला नाही. उघडला की किंमत जाते म्हणे.

सलीमचाचांनी विचारलं, "आत पंप आहे कशावरून?"

"वजनावरून," काका म्हणाले. दर दिवाळीला ते खोकं सराफाकडे नेऊन तोलून आणत.

*

बाबा अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. सलीमचाचांनी हाताने घडवलेला दिव्याचा खांब बाबांनी व्हर्नियर लावून मोजला. "अर्धा मिलिमीटर जास्त. रिजेक्ट!"

चाचांनी घासून आणला. बाबांनी पुन्हा मोजला. "आता अर्धा कमी."

चाचांनी खांबाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. "हा फुटपाथ. पुढचं बोला."

*

नामपूरच्या एका किराणा दुकानात जुनं पत्र्याचं गॅरेज आहे, असं कळलं. तिघंही एसटीने गेले. दुकानदार आजोबा त्यात सुपारी ठेवत. म्हणाले, "हाई इकानं नई शे." विकायचं नाही म्हणजे नाही.

तीन तास विनवण्या झाल्या. संध्याकाळी तिघंही परत आले, प्रत्येकी पाव किलो सुपारी घेऊन. तिघांपैकी कुणीच सुपारी खात नाही.

*

मी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत. काकांनी शेरा मारला: "सदर गावास फायर स्टेशनची गरज सिद्ध होत नाही."

"आग लागल्यावर सिद्ध करू का?"

"तसा वेगळा अर्ज कर."

बाबा म्हणाले, "मोठ्यांशी असं बोलू नये." मोठे त्या वेळी खेळण्यातला ट्रक फुंकर मारून साफ करत होते.

*

एका रविवारी काका चहा टाकायला आत गेले. मी फायर स्टेशन पंपाच्या खोक्यामागे ठेवून दिलं. काकांनी येऊन पाहिलं. मग चहाचे कप वाटले.

पुढच्या रविवारी त्याच्या दारावर टाइप केलेला कागद चिकटवलेला. "प्रति, फायर स्टेशन, प्लॉट नंबर सात, पेट्रोल पंपामागे. आपले अतिक्रमण सात दिवसांत हटवावे." खाली काकांची सही, वर शिक्का!

बाबा पुटपुटले, "उचल गं, वाद नको."

मी नोटिशीची झेरॉक्स काढली. आठव्या दिवशी बांधकाम नियमित करण्याचा अर्ज दिला. राहत्या जागेचा पुरावा म्हणून सोबत तीच नोटीस.

काकांनी ती दोनदा वाचली.

"सही तुमचीच ना, काका?"

"सही माझीच." चष्मा पुसून झाला. "पण शेजाऱ्याची ना-हरकत लागते. शेजारी पेट्रोल पंप आहे."

"पंप कुणाचा?"

चाचा चहात बघत राहिले. काकांनी कागद ओढला, पंपवाल्याच्या जागी सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आग लागली तर पहिली गाडी माझ्या पंपावर यायला पाहिजे."