न आलेली तिसरी हाक

तीस वर्षं रुळावर चालून काढलेल्या माणसाला पळता येत नाही, हे शांतारामला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. घोलवडच्या बाजूला तो रेल्वेत कीमन आहे. म्हणजे सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचं, आपल्या वाट्याचे रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तपासायचे, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची आणि तसंच परत यायचं. जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर. पाऊल एकदा रुळांखालच्या स्लीपरच्या मापाने पडायला लागलं की ते घरच्या अंगणातही तसंच पडतं. बायको, यमुना, सगळ्यांना सांगायची, "सप्तपदीपण स्लीपर मोजत चालले हे." आणि रुळावरचा पहिला धडा असा, की गाडी आली तरी पळायचं नाही. गुमान बाजूला व्हायचं. पळणारा अडखळतो.

अशा बापाच्या पोटी रोशन आला आणि चालायच्या आधी पळाला. तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावरून शाळेत पळत, नाचणीच्या शेतात पळत, पुढे कंपनीत नोकरी लागली तरी कामावर जाण्याआधी पळत. चोविसाव्या वर्षी त्याने डहाणूच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. जानेवारीतली शर्यत, आणि तिला जोडून दोन दिवसांची सुट्टी. समुद्रकाठी एक खोलीही त्याने बुक करून टाकली. आईने समुद्र पाहिला होता तो धाकट्या डहाणूला सुकट आणायला गेल्यावर, टोपली काखेत धरून. "एक रात्र तरी त्याच्याजवळ झोपून बघ ना," रोशन म्हणाला होता. यमुना हसली होती, की समुद्राला काय सोबत लागते का रे.

सरावाला तो पहाटे साडेचारला निघे. उधव्याच्या रस्त्यावर तेव्हा काळोख असतो आणि गाड्या सुसाट असतात. म्हणून शांताराम सायकलवर त्याच्या मागे राही, कॅरियरला लाल बत्ती बांधून. गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल बत्ती हवी, हे रेल्वेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तोंडाने तो कुरकुरत असे, की पोरगा पळतो आणि तंगड्या माझ्या दुखतात. पण आतून त्याला ती वेळ फार आवडायची. पुढे पोराची पावलं चप चप वाजताहेत, मागे आपली बत्ती. बापलेकांत बोलणं काही नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं तेवढंच होतं, असं आता त्याला वाटतं.

आता ती हाकेची गोष्ट सांगायला हवी. शांताराम नोकरीला नवा असताना काकड्या नावाचा जुना गँगमन त्याला रात्रीच्या गस्तीला घेऊन जाई. पहिल्याच रात्री काकड्याने बजावलं, "अंधारात कुणी नावानं हाक मारली तर पयली सोड. दुसरी पण सोड. तिसरी आली तर माणूस समज आणि ओ दे. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत नाय." त्याच पावसाळ्यात एका पुलाजवळ शांतारामला आपल्या नावाच्या दोन हाका ऐकू आल्या. तिसरी आली नाही. त्यानंतर त्याने कुणालाच दोन हाकांवर ओ दिली नाही. साहेबांना नाही, बायकोला नाही, जेवायला बोलावलं तरी नाही. घरात त्याची चेष्टा व्हायची. रोशन लहानपणी दारातूनच एका दमात ओरडायचा, "बाबाबाबाबाबा!" आणि बोटं दाखवायचा, की झाल्या तीन, आता बोला.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीची ती पहाट. आदल्या रात्री शांताराम गस्त करून उशिरा आला होता. साडेचारला त्याला जाग आली ती हाकेने. "बाबा." हळू, सणाच्या दिवशी उठवायचं म्हणून जरा भीत भीत. थोडा वेळ गेला. पुन्हा, "बाबा." शांताराम पांघरुणात जागा होता, टक्क जागा. तिसरी आली की उठू, असं त्याने मनाशी म्हटलं. सवय होती हे खरं, आणि आळस होता हेही तितकंच खरं. तिसरी हाक आली नाही. दार लोटल्याचा आवाज झाला, आणि पावलं अंगणातून रस्त्याला लागली.

अर्ध्या तासाने त्याला पांघरुणात राहवेना. तो उठला, सायकल काढली, सवयीने बत्ती लावली आणि सुटला. वळणावर रोशन पडला होता. ज्या गाडीने उडवलं ती थांबलीही नव्हती. लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? पोराचं डोकं मांडीवर घेतलेला बाप, आणि मागे सायकलची लाल बत्ती जळते आहे.

दवाखान्याच्या दारात कुणीतरी विचारलं, एकटाच होता का पोरगा? शांतारामने तोंड उघडलं होतं. पण यमुना आधी बोलली. "एकटा कशाला? हे होते ना मागे, बत्ती घेऊन."

त्याने तोंड मिटलं. त्याला वाटलं, ही परसात अंघोळीचं पाणी तापवत होती, हिला काय माहीत. मग ते वाक्य पाड्यावर फिरलं, ड्युटीवर फिरलं. बाप असावा तर असा, शेवटपर्यंत पोराच्या पाठीशी होता, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणू लागले. खोटं बोलायला जीभ लागते असं नाही. गप्प बसलं तरी पुरतं.

आणि दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे हाका येऊ लागल्या. "बाबा." मग तेवढाच वेळ जाऊन, "बाबा." बस, दोनच. शांताराम उठून बसे, कान दारापाशी नेई, घामाने भिजे. काकड्याच्या हिशेबाने दोन हाका म्हणजे कोण, हे त्याला कळत होतं. तरीही तो रोज तिसरीची वाट पाही. ती आली असती तर पोरगं जिवंत ठरलं असतं ना! ड्युटीवर खडीतून चालताना पुढे पावलं वाजायची, सायकलच्या अंतरावर, चप चप. तो थांबला की थांबायची. यमुनाला हे सांगावं, तर आधी ते दुसरं सांगावं लागणार. त्याच्याने ते होईना. एका घरात दोन माणसं दोन मडक्यांसारखी पालथी पडून राहिली.

पौषात धाकटी मुलगी श्रुतिका पालघरहून आली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरात सध्या तीच एकटी पूर्ण वाक्य बोलते. ती म्हणाली, "दादाने खोली बुक केलीय. आपण जायचं." लोक काय म्हणतील, हे कुणीतरी बोलणार तेवढ्यात यमुनाच म्हणाली, "जायचं. आणि शर्यत हे पळतील." शांताराम बघतच राहिला. "तुम्ही शेवटपर्यंत त्याच्या मागं होतात," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "राहिलेलं पण तुम्हीच पुरं करा."

सुरी लागावी तसं ते वाक्य त्याला लागलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

शनिवारी दुपारी तिघं डहाणूला पोचली. सुरूच्या झाडांमागे खोली, समोर ओटी, पुढे वाळू. सुट्टीवर आलेली बाकीची कुटुंबं भेळ खात होती, उंटावर बसून फोटो काढत होती. ही तिघं ओटीवर पाहुण्यांसारखी बसली. नंबर घ्यायला गेल्यावर टेबलावरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "रोशन?" शांतारामच्या तोंडून "हो" गेलं. छातीवर लावायचा कागद मिळाला, त्यावर मोठ्या अक्षरांत पोराचं नाव.

श्रुतिकाने समजावून सांगितलं. वाटेत सात आणि चौदा किलोमीटरवर पट्टे अंथरलेले असतात, तिसरा शेवटाला. त्यावरून पाऊल गेलं की नंबरातली चिप नोंद करते आणि मेसेज जातो.

"कुणाला?"

"दादाने फॉर्ममध्ये स्वतःचा नंबर टाकलाय ना."

रोशनचा फोन यमुनाच्या कमरेच्या पिशवीत असे. ती तो रोज चार्ज करी. तिने पिशवीवर नुसता हात ठेवला.

रविवारी सकाळी सहाला पोरं चौखूर उधळली आणि शांताराम आपल्या मापाने चालू लागला. झपझप, स्लीपरमागे स्लीपर. आगर गेलं, नरपडला काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांचा वास आला. सात किलोमीटरचा पट्टा त्याने ओलांडला. आता तिच्या हातात फोन वाजला असेल, नाव आलं असेल: रोशन. पहिली, त्याने मनात म्हटलं. चिखल्याच्या पुढे वळसा होता. तिथून परत फिरताना त्याच्या मागे कुणी उरलं नव्हतं. चिकूच्या वाड्यांतून ऊन तिरपं येत होतं. चौदाचा पट्टा आला. दुसरी.

पंधरानंतर गुडघा गेला. समोरचा रस्ता मोकळा, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर पावलं वाजत होती, चप चप. मग भर उन्हात, आजवर कधी आली नव्हती अशा वेळी, हाक आली. "बाबा." आणि थोड्या वेळाने, "बाबा."

शांताराम रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. शेवटच्या माणसामागून येणारी ॲम्ब्युलन्स जवळ येऊन थांबली. टपावर लाल दिवा फिरत होता. आतला पोरगा म्हणाला, "काका, बसा आत. टाइम पण संपत आलाय. नाय झेपणार."

शांताराम उठला, दाराच्या दांडीला हात घातला. आणि त्याच्या डोक्यात आलं की यमुनाला दोन मेसेज गेलेत. ती ओटीवर फोन हातात धरून बसली असेल, तिसऱ्याची वाट पाहत. तिसरी येत नाही तेव्हा काय होतं, हे त्याच्याइतकं या जगात कुणाला माहीत होतं? तो कळवळला. दांडी सोडली. "तू मागं राहा," तो त्या पोराला म्हणाला. "बत्ती चालू ठेव."

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तो पळाला. वेडंवाकडं, लंगडत, अडखळत. पळणं असं दिसत नाही, पण त्याला दुसरं काय नाव देणार? दोनदा तो पडता पडता वाचला. मागे लाल दिवा फिरत होता, पुढे पावलं वाजत होती.

तो पोचला तेव्हा लोक कमान उतरवत होते. शेवटचा पट्टा तेवढा अंथरलेला होता. श्रुतिका रडत होती, कुणीतरी पाणी दिलं. यमुना बाजूला उभी होती. शांतारामने पट्ट्यावर पाय ठेवला आणि क्षणभराने तिच्या मुठीतला फोन थरथरला. तिने तो छातीशी दाबला.

तो तिच्यासमोर वाळूत बसला. श्वास नीट लागायच्या आधीच बोलला, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"मी मागं नव्हतो. त्या दिवशी."

तिने फोन कमरेच्या पिशवीत घातला.

"झोपलो पण नव्हतो. जागा होतो. दोन हाका ऐकल्या त्याच्या. तिसरी मारली असती तर उठलो असतो. तिसरी का नाय मारली त्यानं?"

यमुना हळूहळू खाली बसली. तिचा चेहरा असा झाला की शांताराम घाबरला.

"मारत होता," ती म्हणाली. "अंघोळीचं पाणी तापलं, ते सांगायला मी आत आले. तोंड उघडलं होतं त्यानं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. हळूच कानात म्हटलं, गस्त करून आलेत, झोपू दे आजच्या दिवस, तू जा एकटा. हसला. माझ्या तळव्यात हसला तो."

तिने उजवा हात उलटा करून पाहिला, अजून काही लागलेलं असावं तसा.

"दवाखान्यात मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी नव्हतं. तुम्ही का नाय गेलात, असं कुणी विचारलं असतं, तर पुढचं मला सांगावं लागलं असतं. मला वाटायचं तुम्हाला गाढ झोप लागली होती. जागे होतात?"

"जागा होतो."

सुट्टीची माणसं त्यांच्या बाजूने जात होती. बराच वेळ शांतारामने तिचा तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

रात्री यमुना समुद्राजवळ झोपली. म्हणजे आडवी पडली. गाज चालू होती. पहाटे साडेचारला शांतारामचे डोळे आपोआप उघडले आणि हाक आली.

"बाबा."

त्याने दुसरीची वाट पाहिली नाही.

"ओ," तो म्हणाला. "ओ रे, आलो."

काकड्या असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. शांताराम उठला, सुजलेला गुडघा सावरत चपला शोधू लागला. अंधारात काहीतरी खट् झालं आणि खोलीत लाल उजेड पडला. यमुना उठून बसली होती. सायकलची बत्ती तिच्या हातात होती. घरून निघताना ती तिने कपड्यांच्या पिशवीत कधी घातली, कुणाला माहीत नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "आज मी नाय अडवत. बत्ती न्या." तिने ती त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "आणि उजाडलं की परत या."