सुलेखाला हरवण्याचं कुणी मनावर घेईना

सुलेखाला एकदा हरायचं होतं. तशी ती हरायची, नाही असं नाही. पोहण्यात हरली, बॅडमिंटनमध्ये हरली, भालाफेकीत तर एकदा शेवटून पहिली आली. पण ते सगळं अमेरिकन लोकांकडून. तिला हरायचं होतं आपल्या माणसांकडून, आणि आपली माणसं काही केल्या मनावर घेईनात.

नाशिकरोडच्या एका कॉलनीत वाढलेली ही मुलगी. जन्मापासून डावा हात कोपराच्या खाली चार बोटं, मग संपला. लगोरी असो की डबा ऐसपैस, पोरं तिला खेळायला घ्यायची ती लिंबूटिंबू म्हणून. म्हणजे पळायचं, ओरडायचं, सगळं करायचं, पण आउट व्हायचं नाही आणि राज्यही घ्यायचं नाही. शेंबडी पोरं मोठी होऊन त्यातून सुटली, ही मात्र बारावीला गेली तरी लिंबूटिंबूच. नुसता संताप संताप व्हायचा तिचा!

पुढे एमएस करायला ती नॉर्थ कॅरोलिनाला आली, मॉरिसव्हिलला नोकरीला लागली आणि अपंग खेळाडूंच्या एका क्लबात जाऊ लागली. तिथल्या कोचबाईंनी पहिल्याच दिवशी तिला पूलमध्ये ढकललं आणि हळू पोहते म्हणून शिव्या घातल्या. सुलेखाला स्वर्ग दोन बोटं उरला. दोन वर्षांत तिनं राज्यपातळीवर पदक मारलं.

आणि तिथेच घात झाला. पदकाची बातमी तिथल्या आमराई मराठी मंडळाला लागली.

मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथ. कुणी कर्तबगारी केली रे केली, की या माणसाच्या हाताला सत्कार केल्याशिवाय चैन पडत नसे. संक्रांतीला सुलेखाला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, हातात नारळ दिला, मग पुष्पगुच्छ दिला, मग स्मृतिचिन्ह पुढे केलं. एक हात असलेल्या बाईला एकदम तीन वस्तू! तिनं नारळ काखेत घातला, गुच्छ दातात धरला, आणि फोटो तेवढा तसाच निघाला. वर गुरुनाथांचं भाषण. "ही एका हाताने पोहते, आणि आपण दोन हात असून काय करतो?" समोरून त्यांचाच मुलगा म्हणाला, "डॅड, यू कान्ट स्विम."

पोहणं नासलं. सुलेखा भालाफेकीकडे वळली, म्हटलं यातलं यांना काही कळायचं नाही. कसचं काय! राष्ट्रीय स्पर्धेत ती कशीबशी पाचवी आली आणि मंडळानं तिला नऊवारी नेसवून, फेटा बांधून, हातात पडद्याची दांडी देऊन 'रणरागिणी' म्हणून उभी केली. मग बॅडमिंटन. त्याचाही सत्कार. एकदा तर पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स लावली म्हणून चार काकूंनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटायचं, काय ही अष्टपैलू मुलगी! अष्टपैलू कसली, एकेका खेळातून पळ काढत होती बिचारी.

शेवटी तिनं ठरवलं, पळायचं नाही, यांच्याच अंगणात जाऊन खेळायचं. मंडळाच्या टेबल टेनिस स्पर्धेत नाव दिलं. पहिला सामना पायलशी. पायलनं हसत हसत सगळे चेंडू भिंतीवर मारले. दुसरा विवेकशी. त्याचा नेमका पाय मुरगळला, आणि सामना संपल्यावर तो जिना धावत चढला. अशी ही सुलेखा फायनलला पोचली. समोर मोरेश्वरकाका.

काका म्हणजे पुण्याचे. पस्तीस वर्षं शेजारच्या कॅरी गावात राहून, फार्मा कंपनीतून रिटायर होऊन अजून पुण्याचेच. मंडळाची ट्रॉफी वर्षानुवर्षं त्यांच्या घरी, आणि सरावाचं टेबल गाडीच्या गॅरेजमध्ये. सुलेखाला आशा वाटली. तिनं आधीच गाठलं त्यांना. "काका, प्लीज खरं खेळा. मला हरवा."

"अगं, खरंच खेळणार. पण वय झालं गं आता," असं म्हणून काकांनी शुभाकाकूंकडे चोरून पाहिलं. काकूंनी त्यांना गाडीतच दम दिला होता, की त्या मुलीला हरवलंत तर परत येताना उबर करा.

पहिला गेम काकांनी व्यवस्थित हरून दाखवला. सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं का, बघतेच! दुसरा गेम तीही हरली, ठरवून. तिसऱ्यात मग जुंपली. काका सर्व्हिस नेटमध्ये घालायचे. सुलेखा डाव्या कोपराच्या खोबणीतून चेंडू छान वर उडवायची आणि तीही नेटमध्ये. दहा-दहा झालं. आता नियम असा, की इथून पुढे सर्व्हिस एकेक आलटून-पालटून, आणि जिंकायला दोन पॉइंटची आघाडी हवी. काकांची सर्व्हिस नेटमध्ये, पॉइंट सुलेखाला. सुलेखाची नेटमध्ये, पॉइंट काकांना. हे जन्मात संपणारं नव्हतं.

बारा-बारा झालं, अठरा-अठरा झालं. पावभाजी गार पडायला लागली. अंपायर परीक्षित अर्धा डोळा भाजीच्या पातेल्याकडे ठेवून स्कोअर सांगत होता. चोवीस-चोवीसवर गुरुनाथ माइक घेऊन उठले. "दोघांनाही जॉइंट विनर डिक्लेअर करू, आणि सुलेखाचा सत्कार—"

"थांबा!" सुलेखा ओरडली. मग काकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "काका, सगळ्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम हरताय. मला नाही तसं वाटत. मला वाटतं, तुम्हाला येतच नाही. इतकी वर्षं बाकीच्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं."

काकांचे कान लाल झाले. "काय म्हणालीस?"

"काही नाही. टाका नेटमध्ये."

काकांनी चष्मा नाकावर दाबला आणि अशी सर्व्हिस टाकली, की चेंडू टप्पा पडून सुलेखाच्या बॅटला न विचारताच निघून गेला. पंचवीस-चोवीस. काकू नुसत्या "अहो!" म्हणाल्या.

आता सर्व्हिस सुलेखाची. नेटमध्ये घातली की हरणं हातात होतं. पण आता तिला तसलं हरणं नको होतं. हा गडी खरा खेळतोय म्हटल्यावर तिला जिंकायचं होतं, जीव तोडून जिंकायचं होतं. तिनं सर्व्हिस खरी टाकली. काकांनी परतवली, तिनं कोपऱ्यात मारली, काका धापा टाकत पोचले, तिनं पुन्हा मारली, आणि काकांचा चेंडू येऊन टेबलच्या कडेला चाटून खाली गेला.

परीक्षितचं लक्ष नेमकं पातेल्याकडे. तो घाईनं म्हणाला, "आउट! पॉइंट सुलेखा!" आणि सुलेखा वाचली म्हणून सगळ्यांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

"आउट?" काका कडाडले. "अरे, एज लागला! धडधडीत एज लागला! काय गं, तू पाहिलंस ना?"

सुलेखानं पाहिलं होतं. कडेला लागला होता, म्हणजे पॉइंट काकांचा आणि मॅचही काकांचीच. पण तिच्याशी आजवर एका पॉइंटसाठी कुणी भांडलं नव्हतं, आणि इतक्यात सोडायची तिची तयारी नव्हती.

"नाही लागला!" ती ओरडली.

"लागला! डोळे तपासून घे! रडी कुठली!"

"रडी तुम्ही! खाली लागला, बाजूला!"

"अहो, काय बोलताय तिला!" काकू मध्ये पडल्या.

"तू गप्प बस गं, ही चीटिंग करतेय!"

सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू धावल्या, तर ही पोरगी हसत होती. मग तिनं बॅट टेबलवर ठेवली. "लागला, काका. एज होता. हरले मी."

काकांनी दोन्ही हात वर करून हॉलभर उड्या मारल्या. कुणाचीही पर्वा केली नाही. आणि सुलेखाला वाटलं होतं, हरल्यावर फार बरं वाटेल. कसलं बरं! असा राग आला, की पाव घशाखाली उतरेना. तो शेवटचा चेंडू बॅकहँडला द्यायला हवा होता, हेच डोक्यात. ती प्लेट तशीच घेऊन काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"रविवारी. तुमच्या गॅरेजमध्ये."

काकांनी तोंडातला घास गिळला. "ये," ते म्हणाले. "परत हरवतो."