अंकगणित पुरते

मॅट्रिकच्या मुलांना कॉलेजच्या गणितासाठी तयार करायचं काम अमरावतीच्या आमच्या शाळेत माझ्याकडे होतं. माझी पद्धत अगदी सोपी होती. ज्याच्या पास होण्याची खात्री नाही, त्याला बीजगणित घेऊच द्यायचं नाही, नुसत्या अंकगणिताला बसवायचं. निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे, आणि हेडमास्तरांना मी थोर शिक्षक वाटे.

एका वर्षी राजापेठेतल्या भाजीवालीची मुलगी परीक्षेचा फॉर्म घेऊन आली.

"सर, मले सायन्सले जायचं हाय. बीजगणित लिवू का?"

"काहून वं? वांगे तोलाले अंकगणित पुरते!"

वर्ग खो खो हसला. मी विनोदी मास्तर म्हणून प्रसिद्ध होतोच. तिनं फॉर्मवर अंकगणित लिहिलं.

पास झाल्यावर ती अकोल्याला मामाकडे गेली. तिथल्या कॉलेजनं बीजगणित नाही म्हणून सायन्सचा अर्ज परत केला. तोच हातात घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"सर, मले जमलं असतं का?"

मैत्रिणीच्या पुस्तकावरून तिनं सोडवलेली समीकरणं मी फॉर्म भरण्याआधीच पाहिली होती. दोनच चुकली होती.

"नसतं जमलं," मी म्हणालो.

तिला ते पटलं. जाताना माझ्या पाया पडली.