एलिआसनं ठोकलेली जमीन

चार दिवस ट्रायफिना आपल्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालत होती आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवरचं प्लायवूड तसूभर हलत नव्हतं.

तिची बहीण ड्रुसिला शनिवारी इस्पितळातून सुटणार होती. एक पाय गेलेला, जीभ शाबूत. राहणार कुठे, तर ट्रायफिनाकडे. पण आधी शुक्रवारी नर्स येऊन घर बघणार होती. चाकाची खुर्ची फिरली नाही, तर ड्रुसिलाची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. आणि स्वयंपाकघराची जमीन बोळापेक्षा दोन बोटं उंच! उतरती फळी टाकून पाहिली, पण त्या अरुंद बोळात खुर्ची वळता वळता फळीवरून घसरायची. प्लायवूड उखडण्यावाचून इलाज नव्हता.

तिचा नवरा एलिआस होड्या बांधायचा. न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत त्याच्यासारखी होडी कुणी बांधली नाही, एवढं मान्य. पण हिवाळ्यात सगळं गाव यांच्याच स्वयंपाकघरात नाचायचं, जुन्या फळ्या उसळायच्या, चुलीवरची किटली उडायची. तेव्हा त्यानं वरून प्लायवूडचे दोन थर ठोकले, तीन-तीन बोटांवर खिळा, होडीला ठोकतात तसा. शहरातला कारागीर आला, करवतीची दोन पाती मोडून घेतली, "घरच पाडा, सोपं पडेल," म्हणाला आणि गेला.

राहिला शेजारचा हेडली. मासेमार, अंगानं आडवा.

"मावशी, घर बुडेल अशी भीती होती का काकांना?"

"तोंड कमी चालव. पहार चालव."

त्यानं पहार दाबली. प्लायवूड केसभर उचललं आणि त्याच्यासोबत खालची जुनी फळीही कण्हत वर आली.

"अगं, हे फळ्यांसकट येतंय! असंच ओढलं तर ड्रुसिलामावशी खुर्चीसकट घराखालच्या चिखलात."

ट्रायफिना हातातला चहा घेऊन मटकन बसली.

"होडीचा खिळा नुसता ठोकत नाहीत," ती म्हणाली. "वरून एक जण ठोकतो, खालून दुसरा लोखंडाचा ठोकळा धरतो. टोक वाकून परत लाकडात शिरतं. मग वरून तो बापजन्मी निघत नाही."

"म्हणजे घराखाली कुणीतरी होतं?"

तिनं चहाचा घोट घेतला.

"कोण होतं, मावशी?"

"मी. सहावा महिना होता मला. तीन दिवस उताणी पडून होते. तो वरून ओरडायचा, 'धरलंस का गं, ट्राय?' मी म्हणायची, 'धरलंय, ठोक!'"

हेडली हसून हसून लाल झाला. "आणि चार दिवस शिव्या एकट्या काकांना?"

"तो उलट बोलत नाही."

घर लाकडी खांबांवर उभं होतं, पण खालच्या फटीत हेडलीचं पोट मावेना. मग अडुसष्ट वर्षांची ट्रायफिना एलिआसची जुनी विजार चढवून, त्याचीच खिळे कापायची पकड घेऊन, स्वतः आत सरकली. वाकलेली टोकं ती बोटांनी चाचपून कापत होती. बहुतेक सगळी एका ओळीत, एका दिशेला. काही मात्र वेडीवाकडी. तिथे ठोकळा धरून हात भरून आला होता आणि एलिआसला तिनं सांगितलं नव्हतं.

दीड दिवस ती खाली आणि हेडली वर.

"सोडलंस का, मावशी?"

"सोडलंय, उचल!"

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा तुकडा निघाला. चुलीखालचा तेवढा तिनं काढू दिला नाही. "तिथे कुठली खुर्ची जाणार आहे?" हेडलीनं वाद घातला नाही.

शुक्रवारी नर्सनं रिकामी खुर्ची दोनदा आतबाहेर फिरवली आणि कागदावर सही केली.

शनिवारी ट्रायफिना वाटाण्याचं सूप ढवळत होती. ड्रुसिला बोळातून वळली, उंबऱ्याशी न अडखळता थेट टेबलापर्यंत आली आणि खाली बघू लागली. जुन्या फळ्या, त्यांवर तीन-तीन बोटांवर काळी भोकं.

"चाळण केलीय नुसती! कुणी केली गं ही?"

ट्रायफिनानं पातेल्यातून मान वर केली नाही.

"एलिआसनं."