दिवेलागणीचं उघडं दार

लेकीला पाचव्या महिन्यात मलेरिया झाला तेव्हा ती ऐरोलीला, सासरी होती. ताप उतरला, बाळ वाचलं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता पुन्हा मलेरिया होऊ द्यायचा नाही. बाळाला झेपणार नाही." आणि पहिलं बाळंतपण तर माहेरी! माहेर म्हणजे आमचं घर, बेलापूरच्या खाडीजवळ, जुन्या गावठाणात, तळमजल्यावर. शेजारी नव्या इमारतीसाठी खणलेला खड्डा, त्यात पाणी साचलेलं. जावई भला माणूस, पण फोनवर हळूच म्हणालाच, "आई, तिकडे डास फार असतात ना?" मला असला राग आला म्हणून सांगू! पण गिळला. खोटं काय बोलला होता तो?

मग नवऱ्याला कामाला लावलं. रिटायर झाल्यापासून हा माणूस नुसता पेपर चाळत बसायचा, आता टेप घेऊन घरभर फिरायला लागला. खिडक्यांना सरकत्या जाळ्या आल्या. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांवर जाळी, गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण, तिच्या पाइपाच्या तोंडालाही जाळी. एका रणरणत्या दुपारी त्याने सगळी दारं-खिडक्या लावून पडदे ओढले आणि मला म्हणाला, "आता बघ, कुठून उजेड येतो." बापरे! एसीच्या पाइपाशेजारी, चौकटीच्या कोपऱ्यात, सिंकखाली, जिकडे बघावं तिकडे उजेडाचे ठिपके. इतकी वर्षं मी या घरात नांदले, झाडलं-पुसलं, आणि आपण चाळणीत राहतोय हे मला ठाऊकच नव्हतं! त्याने पुट्टी घेऊन एकेक ठिपका विझवला.

तरी डास होतेच. संध्याकाळी पलंगाखाली, पडद्यामागे. आमची भांडणं जुंपली. मी म्हणायचे तुझी जाळी सैल, तो म्हणायचा तुझं धुणं ओलं. शेवटी एकदा तिन्हीसांजेला मी भाजी चिरत बाहेरच्या खोलीत बसले होते. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि नेहमीसारखं पुढचं दार सताड उघडलं. लक्ष्मी यायची वेळ ना! रोज होतं हे, मीही लग्न होऊन आल्यापासून तेच करत आले. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितलं. दारातून डासांचा घोळका सरळ आत आला, पाहुण्यांसारखा. सुईच्या टोकाएवढी भोकं आम्ही बुजवली होती, आणि एवढ्या मोठ्या दाराला भोक म्हणायचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी तडक उठून दार लावलं. सासूबाई भडकल्या. "पोर बालंतपनाला यायची हाय, आनि तू लक्ष्मीच्या तोंडावर दार लावतेस?"

"आई, त्याच पोरीसाठी लावतेय!"

दोघी हट्टी. दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. त्या दोन दिवसांत नवऱ्याने गपचूप मापं घेतली आणि दाराला बाहेरून जाळीचं दुसरं दार बसवून टाकलं, आपोआप मिटणारं. सासूबाईंनी दाराबाहेरच्या ओट्यावर उतरून जाळीतून आत बघितलं. देवापुढचा दिवा स्वच्छ दिसत होता. "दिसतंय लक्ष्मीला," एवढंच म्हणाल्या.

लेक आली त्या संध्याकाळी आम्ही तिघी जाळीच्या दारापाशी बसलो होतो. लाकडी दार सताड उघडं, खाडीवरून वारा येत होता. अंधारायला लागलं आणि जाळीवर डास येऊन बसू लागले. एक, दोन, मग किती ते कळेचना. काय पण देवाची करणी! एवढासा जीव, फुंकर मारली तर उडून जाईल, आणि माणसाला मारायची ताकद. आमच्या नाकापुढे त्यांची गुणगुण चालली होती, मधे ती एवढीशी जाळी. मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

सासूबाई जाळीकडे बघतच म्हणाल्या, "माजं पयलं असंच गेलं. आमी तवा मिठागरावर ऱ्हायचो. झोपडीला दारच नवतं. पोटुशी असताना हिवताप आला, आनि मग पोटात हालायचं बंद झालं."

माझा नवरा त्यांचा पहिला मुलगा, असंच मी आजवर धरून चालले होते. त्यालाही ठाऊक नव्हतं. लेकीने आजीचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. सासूबाईंनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. लेकीने परत ओढून ठेवला, वर आपला हात दाबून धरला.

मग सासूबाईंचे डोळे एकदम मोठे झाले.

"हालतंय गं," त्या म्हणाल्या. "जितं हाय."