पखवाजावरची कणीक

"आत्या, बाबा उठत नाहीत..." सायलीचा फोन आला तेव्हा मी दादरच्या बाजारात भाजी घेत होते. भाजीवालीकडेच पिशवी टाकून लालबागला पोचले, तर दादा भिंतीला टेकून बसल्यासारखाच होता, समोर पखवाज. महिना उलटून गेला, पण मला अजून त्याचा राग येतो. असा न सांगता कसा जातो माणूस?

दादा माझा थोरला भाऊ. छापखान्यातली नोकरी सांभाळून उरलेला सगळा जन्म त्याने भजनात घातला. डबलबारी असली, म्हणजे दोन बुवांचा सामना लागला, की पखवाजावर दादाच हवा असायचा. वहिनी लवकर गेली, तेव्हा त्याने पोरीला मांडीवर घेऊन पखवाज शिकवला. वाजवायला बसण्याआधी गव्हाची कणीक भिजवून, आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची आणि उठण्याआधी खरवडून काढायची, हा त्याच्या घरचा कायदा. एकदा लहानग्या सायलीने कणीक तशीच ठेवून खेळायला धूम ठोकली, तर सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा तो ओरडला होता, "चामड्याची वाट लागता गो!"

तीच सायली कॉलेजात ड्रम्सकडे वळली आणि मित्रांबरोबर जॅझ वाजवू लागली. पोरीने पखवाजाकडे पाठ फिरवली म्हणून दादाने तिच्याशी बोलणंच टाकलं, मग तिनेही. एका खोलीत बाप-लेक दोघंच, आणि निरोप माझ्या फोनवरून... "तिका सांग, आमटी झाकून ठेवलंय." दोन वर्षं मी ही पोस्टमनगिरी केली. दोघंही सारखीच हट्टी, समजावणार कोणाला?

शेवटी परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका छोट्या हॉलमध्ये या पोरांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी दादाला जवळजवळ ओढतच नेलं. इस्त्रीचा सदरा घालून तो मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. वाजवणारी सगळी विशी-बाविशीतली. बराच वेळ त्याचा चेहरा मख्ख. मग सॅक्सोफोनवाल्या मुलाने एक तुकडा वाजवला आणि तो थांबला. सायलीने ड्रम्सवर उत्तर दिलं. त्याने पुन्हा टाकला, तिने पुन्हा परतवला. दादाची घडी सुटली. त्याला वाटलं, बारी लागली! आमच्या भजनात अशा वेळी गप्प बसणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान. तो ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "सोडू नको गो तेका!"

सगळा हॉल हसला. सायलीचा हात क्षणभर चुकला... कार्यक्रम संपल्यावर ती लालबुंद चेहऱ्याने आली आणि मित्रांसमोरच म्हणाली, "बाबा, इथे असं ओरडत नाहीत." टॅक्सीत दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बोलली तरी." त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

दोन-चार दिवसांनी त्याचाच फोन. "त्या भोंगेवाल्या पोराक एकदा घराक बोलवूक होया. तो वाजवीत, ती वाजवीत, मी पखवाज घेतंय. बघूया तरी." मग घाईघाईने, "तू नको सांगू हां तिका. मीच सांगतंय."

त्या रविवारी दुपारी सायली तालमीला निघाली, तेव्हा तो ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून कणीक भिजवत होता. तिला वाटलं, चपात्या करतायत. तो वळला, खाकरला... आणि पुन्हा परातीत बघू लागला. ती चप्पल घालून गेली, आणि परतल्यावर तिने मला तो फोन केला. त्याला काय सांगायचं होतं, ते तिला माझ्याकडून कळलं, तेराव्यानंतर. "मी ओरडू नका म्हटलं, म्हणून बोलले नाहीत का गं?" हे ती मला सारखं विचारते. मी नाही म्हणते, टॅक्सीतलं पुन्हा सांगते. तिला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर, सांगता सांगता माझाही धीर सुटतो.

परवा गेले, तर पखवाज अजून तिथेच, भिंतीपाशी. डाव्या तोंडावरची कणीक वाळून तडकली आहे आणि तिच्यात दादाच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. मी वाटीत पाणी घेतलं, फडकं भिजवलं. म्हटलं, "काढूया बाय आता, चामडं जाईल. दादा असता तर केवढा ओरडला असता."

सायलीने माझा हात धरला.

"ओरडू देत ना, आत्या," ती म्हणाली.